सातव्या वळणावरचा चहा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग लिहिलं ते नुसतं रीत म्हणून नव्हे. शर्यतीच्या दिवसापासून माझी कंबर अशी धरली आहे की खरोखर नमस्कार घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, तेव्हा पत्रातूनच उरकून घेतो. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे, की शोकेसपर्यंत जाऊन परत येणं हेच चालण्यात धरतेस? कारण भुंग्यानं पाठवलेलं विजेतेपदाचं तबक तू शोकेसमध्ये अगदी मधोमध मांडल्याचं फोनवर तूच सांगितलंस, तेही तीन वेळा. मुलगा गाड्यांच्या शर्यतीत वर्षाचा विजेता झाला, तुझं अभिनंदन. पण "तबक असं चेपलेलं का रे?" असं तू विचारलंस आणि मला जोराचा खोकला आला म्हणून मी फोन ठेवला, तो खोकला खरा नव्हता. म्हणून हे पत्र. चष्मा लाव, खुर्चीत नीट बस आणि पत्र संपेपर्यंत कुणाला फोन करू नकोस.

शर्यतीला तू आली नाहीस. छाती धडधडते असं तू सगळ्यांना सांगितलंस आणि सगळ्यांनी मान डोलावली. मी तुझा भाऊ आहे, मला खरं कारण माहीत आहे. मोसमाच्या सुरुवातीला भुंगा एक दार लोंबकळणारी गाडी घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा तुझी भावजय म्हणाली होती, "हा कसला खेळ? हे तर भंगार आपटणं." ते वाक्य कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवलं (मीच पोचवलं, पण मी गंमत म्हणून सांगितलं होतं) आणि तेव्हापासून नऊ महिने तू फोनवर तिचा आवाज ऐकलास की फक्त "त्याला दे" एवढंच म्हणतेस. तीही काही कमी नाही. ती मला हाक मारते आणि फोन टेबलावर असा ठेवते की जणू तो चटका देतोय. दोघींच्या मध्ये माझी जी चटणी होते तिची चव कुणी विचारत नाही.

आता या गाड्यांबद्दल. तुझा अजून समज आहे की भुंगा त्या जमिनीला चिकटलेल्या, उघड्या चाकांच्या गाडीत बसतो. तसं नाही. आपल्या दारात उभ्या असतात तशाच या गाड्या, चार दारांच्या, छपराच्या. आतल्या गाद्या काढून लोखंडी पिंजरा बसवतात एवढंच. आणि त्या एकमेकींना दारं घासत, ढुशा देत पळतात. यात एक मजेशीर नियम आहे. जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला जास्तीचं वजन ठेवतात. (मी ऐकल्याबरोबर ओळखलं. आमच्या गटारांच्या खात्यात छत्तीस वर्षं हेच चाललं आहे, जो काम करतो त्याच्याच टेबलावर आणखी फायली.) शेवटच्या शर्यतीला भुंग्याच्या गाडीत असं बरंच वजन होतं आणि त्याच्या मागे दोनच गुणांनी एक दातांचा डॉक्टर होता. हा माणूस आठवडाभर लोकांना "दुखणार नाही" असं सांगतो आणि सुट्टीच्या दिवशी मागून येऊन धडका देतो. दोघांपैकी जो पुढे राहील तो वर्षाचा विजेता, इतका सरळ हिशेब होता.

ही शेवटची शर्यत आमच्याच भागातल्या रस्त्यांवर ठेवली, इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. रस्त्यावर शर्यत म्हटलं की गटारांची झाकणं आली. भरधाव गाडी वरून गेली की झाकण हवेनं उचललं जातं आणि मागच्याच्या काचेत शिरतं, म्हणून प्रत्येक झाकण वेल्डिंग करून घ्यावं लागतं. एकशे अठरा झाकणं. एकेकावर मी स्वतः उड्या मारून बघितल्या (कंबरेची सुरुवात तिथली) आणि "सर्व झाकणे पक्की आहेत" अशा कागदावर सही केली. मला निवृत्तीला चार महिने राहिलेत. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालच्या गटारात कुणी पडलेलं नाही. तुम्ही सगळे घरात गटारवाला म्हणून हसता, पण या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि आज तो लिहून टाकतो.

आमची इमारत सातव्या वळणावर. वळण आंधळं, म्हणजे पलीकडे काय आहे ते गाडीवाल्याला दिसतच नाही. म्हणून तिथं झेंडेवाला उभा करतात. पुढे काही अडलं की त्यानं पिवळा झेंडा हलवायचा. आमच्या वळणावर हे काम खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालांकडे आलं होतं. फार नेमका माणूस. झेंडे त्यांनी रंगावारी घड्या घालून ठेवले होते आणि प्रत्येक झेंडा वापरून झाला की वहीत नोंद करत होते. तुझी भावजय मात्र सकाळपासून बाल्कनीत रस्त्याकडे पाठ करून वाटाणे सोलत बसली होती. तिला या खेळात काडीचा रस नाही. फक्त मी वायरलेसवर बोलत फाटकापाशी आलो की ती वरून सांगायची, "अकरावी फेरी झाली, डॉक्टर दोन गाड्या मागे आहे." पाठीला डोळे असावेत तिच्या.

शेवटून दुसऱ्या फेरीच्या सुमारास ती खाली आली आणि ग्रंथपालांना चहा-बिस्किट देऊन गेली. माणूस सकाळपासून उन्हात उभा आहे, हे तिला बघवेना. चहा दिला आणि रिकामा ट्रे घेऊन वर गेली. ट्रे तुला आठवतो ना? तोच, स्टीलचा गोल, तिला शाळेत कुठल्याशा मैदानी खेळात मिळालेला. भुंगा सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हा तो छातीशी धरून, गोल गोल फिरवत, जेवणाच्या टेबलाभोवती गाडी पळवायचा. तोंडानं सतत भुर्रर्र, म्हणून तर भुंगा. एकदा दाराच्या चौकटीवर आदळला आणि ट्रेच्या काठाला पोचा आला. ही रागावली नाही. "ब्रेक कुठं आहे तुझा?" एवढंच म्हणाली आणि त्याच्या कपाळाला हळद लावली.

तर शेवटची फेरी. भुंगा पुढे, डॉक्टर मागे. सातव्या वळणात डॉक्टरनं मागून अशी ढुशी दिली की भुंग्याची गाडी गर्रकन फिरली आणि रस्त्याच्या मधोमध आडवी होऊन बंद पडली. डॉक्टर बाजूनं निसटला आणि पसार. भुंग्याचं दार वळणाकडे, आणि वळणाच्या अलीकडून उरलेल्या सात गाड्या एकमेकींना चिकटून येत होत्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी त्या वेळी पाचव्या वळणावर होतो, हे सगळं नंतर चित्रफितीत पाहिलं. ग्रंथपालांच्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट होतं आणि पिवळा झेंडा काखेत. बिस्किट टाकावं की कप, हा विचार त्यांनी नेमकेपणानं सुरू केला होता.

इतक्यात वळणाच्या अलीकडे रस्त्यावर एक गोल, चकचकीत धातूची वस्तू आपटली, उडाली आणि काठावर उभी राहून घरंगळत चालली. नियंत्रण कक्षातल्यांनी कॅमेऱ्यात ती पाहिली आणि त्यांना वाटलं, गटाराचं झाकण सुटलं. त्याच क्षणी सगळीकडे लाल दिवे, शर्यत बंद. सातही गाड्यांनी ब्रेक दाबले. पहिल्या दोन त्या वस्तूवरून घसटत गेल्या आणि पहिली गाडी भुंग्याच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. हातभर म्हणजे माझ्या हातानं. मी नंतर मोजलं.

वायरलेसवर "झाकण उडालंय" ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. छत्तीस वर्षांची नोकरी, माझी सही, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि मी धावत सुटलो (उरलेली कंबर तिथं गेली). पोचलो तर भुंगा गाडीबाहेर धडधाकट उभा, आणि रस्त्यात ती वस्तू. घासलेली, चेपलेली, वर टायरचा काळा पट्टा. पण काठाला तो जुना पोचा. मी वर बघितलं. तुझी भावजय बाल्कनीत दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती आणि तिच्या पायांशी सगळे वाटाणे सांडले होते.

नियम असा, की शर्यत मध्येच थांबवली तर शेवटच्या पूर्ण झालेल्या फेरीचा क्रम धरायचा. त्या फेरीत भुंगा पहिला होता. म्हणजे तुझा मुलगा विजेता! (डॉक्टर तिकडे शेवटची रेघ ओलांडून, गाडीच्या टपावर चढून दोन्ही हात वर करून उभा होता. सगळे पाठ फिरवून का पळताहेत हे त्याला बराच वेळ कळलं नाही.) त्यानं तक्रार केली, तासाभरात चौकशी समिती बसली. ती वस्तू विजेत्याच्या घरच्यांकडून आली असं ठरलं असतं तर विजेतेपद गेलं असतं. झाकण ठरलं असतं तर माझं नाव गेलं असतं. मला आत बोलावलं तेव्हा समितीच्या चिटणीसांनी ट्रे पुढे धरला आणि विचारलं, "हे तुमच्या खात्याचं झाकण आहे का?" मी म्हणालो, "नाही." शंभर टक्के खरं. विचारलं तेवढंच सांगावं, ही सरकारी नोकरीतली माझी एकमेव कमाई.

पुढचा प्रश्न काय असणार हे मला माहीत होतं आणि खोटं बोलायची तयारी नव्हती. पण चिटणीसांनी ट्रे उलटा केला. मागची अक्षरं घासून गेली होती, फक्त "प्रथम क्रमांक" एवढं शिल्लक होतं. ते वाचून समितीतले तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बक्षिसाची तीन गोल तबकं आमच्या घरासमोरच्या मांडवात मांडल्याची नोंद होती आणि पहिल्या नंबरचं तबक सकाळपासून सापडत नव्हतं! गाड्यांच्या वाऱ्यानं तबक उडून रस्त्यावर गेलं, असा निष्कर्ष निघाला, सह्या झाल्या, फाइल बंद. (खरं तबक चौथ्या दिवशी चिटणीसांच्याच गाडीच्या डिकीत सापडलं. त्यांनी मला ते विश्वासात घेऊन सांगितलं, तेव्हा तूही कुणाला बोलू नकोस.) ग्रंथपालांनी संध्याकाळी कप धुऊन परत आणून दिला आणि ट्रेचं नावही काढलं नाही.

तेव्हा बक्षीस समारंभात तुझ्या मुलाला जे देण्यात आलं ते आमचा चहाचा ट्रे होता. त्यानं तो हातात घेतला आणि त्याचा अंगठा आपोआप त्या पोच्यावर गेला. मी बघत होतो. पठ्ठ्यानं ट्रे डोक्यावर उंच धरला, मग छातीशी धरला, आणि हजारो लोकांसमोर स्टिअरिंगसारखा डावी-उजवीकडे फिरवला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तो आमच्या बाल्कनीकडे बघत होता. मला भरून आलं. कंबरेमुळे आलं असं मी शेजाऱ्यांना सांगितलं.

बाकी क्षेम. गुडघ्यांना तेल लाव. शोकेसला कुलूप घालू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. आता खरं काम. दोन आठवडे आमच्याकडे चहा वर्तमानपत्राच्या घडीवर येतो आहे. ट्रे परत हवा. पण पार्सलनं पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये. आणि "त्याला दे" असं न म्हणता जिचा आहे तिच्या हातात दे.

ता. क. दुसरा. ट्रे हातातून निसटला, असं ती शपथेवर सांगते. मी खात्याची मोजायची फीत लावली. बाल्कनीपासून डांबरावरच्या पहिल्या खुणेपर्यंत साडेचव्वेचाळीस फूट भरतात, आणि मध्ये बारा फुटी जाळी आहे. निसटलेला ट्रे आमच्या कुंड्यांत पडला असता. तो शाळेतला मैदानी खेळ कोणता होता, ते मी काल तिच्या जुन्या प्रमाणपत्रावर बघितलं. थाळीफेक.

ता. क. तिसरा. पत्र तिनं वाचलं. म्हणते, हे सगळं मी तिखटमीठ लावून लिहिलं आहे, हा खेळ म्हणजे भंगार आपटणं यावर ती अजूनही ठाम आहे, आणि पोराला मिळालेलं बक्षीस परत मागायचं नसतं, ते ताईंच्याच शोकेसमध्ये राहू दे. ताईंनी मात्र जरूर यावं, चहा नव्या ट्रेमध्ये देईन, असंही म्हणते. नवा ट्रे काल आणला. दुकानात तिनं सहा ट्रे एकेक करून तळहातावर तोलून बघितले आणि त्यातला सर्वांत जड निवडला. पुढच्या वर्षीही शेवटची शर्यत इथेच आहे.