बटण जरा उजवीकडे

अण्णा, काल तुमच्या हातचा आणखी एक रिसिव्हर घरी आणला. ओतूरच्या कापडवाल्या शेठजींचा, समोरून चांदीच्या रंगाचा, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या असलेला. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत आणि बाहेर दोन स्पीकर, एवढं सगळं समजावून सांगायला गावात कुणाला वेळ होता? लोक नुसतं मशीन म्हणायचे. तुम्ही मात्र रिसिव्हरच म्हणायचात, तेही ‘रिशिवर’, आणि मी हसले की आणखी ठासून म्हणायचात. काल पेटी उघडली तर झाकणाच्या आतल्या बाजूला तुमचं पेन्सिलीतलं ‘ओतूर’ तसंच होतं. प्रत्येक मशीनच्या पोटात गावाचं नाव लिहायची तुमची सवय. नाव माणसाचं का नाही, असं विचारलं होतं मी एकदा. तुम्ही म्हणालात, माणसं मशीन इकतात, गाव कुठं जातंय. आता माझ्याकडे बेल्हे आहे, मंचर आहे, घोडेगाव आहे, घाटघरसुद्धा आहे. पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांत जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकावर एक रचून ठेवलेत, आणि तुमचे जावईबापू दर दिवाळीला त्यांची धूळ झटकताना माझ्या नावानं बोटं मोडतात.

तुमचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. जमीन धाकट्या काकांच्या हवाली करून तुम्ही तिथं खुर्ची टाकून बसलात, याचा राग घरात कितीतरी वर्षं धुमसत होता, पण तुम्हाला त्याचं काही नव्हतं. मुंबईला कामाला असलेली आपल्याकडची माणसं तिथून जुनी मशीनं आणायची, कुणाचा भाऊ आखातातून आणायचा. येताना त्यांची दशा बघवायची नाही. झुरळांनी आत संसार मांडलेला, डायलचा दोरा तुटलेला, बटणं फिरवली की खरखर. तुम्ही ब्रश घेऊन बसायचात. आईच्या स्वयंपाकघरातला जुना सांडशी-चिमटा कधीच तुमच्या टेबलावर गेला होता आणि त्यावरून रोज सकाळी एक भांडण ठरलेलं. आठ-दहा दिवसांनी एखाद्या दुपारी डायलमागचा हिरवा दिवा लागायचा आणि तुम्ही खुर्चीत मागे रेलायचात. तुमच्या उजव्या हाताला एक स्टूल होतं. मी शाळेतून आले की तिथं बसायची.

सगळं झालं की शेवटी तुम्ही जोडी लावायला बसायचात. बॅलन्सला तुमच्या दुकानात हा शब्द होता. दोन स्पीकर म्हणजे बैलजोडी, दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. पुढे माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात हा शब्द नव्हता, पण त्याहून चांगलाही नव्हता. बॅलन्सचं बटण बरोबर मधोमध ठेवून, डोळे मिटून तुम्ही गाणं ऐकत बसायचात. एक बाजू कमी वाटली तर बटणाला हात लावायचा नाही, पेटी उघडून आतला रेझिस्टर बदलायचा. ‘बटन मधीच पायजे,’ तुम्ही म्हणायचात. ‘गिऱ्हाइकाला ते सरकवायची पाळी आली तर आपलं काम कच्चं.’ मीटर तुम्ही कधी वापरलाच नाही. करंट आहे की नाही तेवढं टेस्टरवर बघायचात, बाकी सगळं कानावर.

आणि त्या दोन कानांतला डावा गेलेला होता. लग्नाआधी तुम्ही लाउडस्पीकरवाल्याकडे कामाला होतात, जीपच्या टपावर कर्ण्याशेजारी बसून गावोगाव फिरायचात, तेव्हाच तो गेला. आपल्या घरात हे कुणी कधी उच्चारलं नाही. बहिरा हा शब्द तर नाहीच. आई फक्त म्हणायची, ‘त्या बाजूनं बोल.’ मी लहान असताना बक्षीस घेऊन आले होते, तुमच्या डावीकडे उभी राहून तीनदा सांगितलं, तुम्ही वळला नाहीत म्हणून मी रडायला लागले. आईनं मला खांद्याला धरून उजवीकडे नेऊन उभं केलं. मग मी चौथ्यांदा सांगितलं आणि तुम्ही मला उचललंत. तेव्हापासून माझे पाय आपोआप उजवीकडे वळायचे. तुम्ही जेवायला बसताना डावी बाजू भिंतीकडे करायचात, मोटरसायकलवर मान तिरकी ठेवायचात. हे सगळं इतकं रोजचं होतं की त्याचा आणि जोडी लावण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. संबंध साधा होता. डावीकडचा आवाज तुम्हाला कमी यायचा, म्हणून तुम्ही तो आतून वाढवून ठेवायचात. तुमच्या हातून गेलेलं प्रत्येक मशीन डावीकडे जोरात वाजायचं, आणि तुम्हाला ते मधोमध वाटायचं.

मला पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही अख्ख्या बाजारपेठेत सांगत फिरलात. जायच्या आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलंत. आत मीटर होता, लाल-काळ्या वायरींचा, नवा. ‘मला न्हाई ह्याच्याशी बोलता येत,’ म्हणालात. ‘तू बोल.’ मी तो मीटर अजून वापरते. काटा जरा अडकतो, बाकी ठीक आहे.

त्याच मीटरनं मी काय केलं, ते आता लिहिते. तिसऱ्या वर्षाची सुट्टी आहे. मी दुकानात आलेय, डोक्यात सगळा अभ्यास ताजा आणि अंगात मस्ती. शेठजी आपलं मशीन घेऊन येतात. तक्रार एवढीच की डायलचा दिवा गेलाय. तुम्ही झाकण काढून दिवा बदलायला घेता. मला राहवत नाही. मी मीटरच्या वायरी स्पीकरच्या जोडणीवर टेकवते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. डावीकडे जवळजवळ दीडपट. शेठजींना मी ते काट्यावर दाखवते. ते म्हणतात, ‘असू द्या ना ताई. छान वाजतंय की. आम्ही कुठं तक्रार केली?’ मला वाटतं, यांना कळलेलं नाही. आणि मी म्हणते, ‘काका, अण्णांना एका कानानं ऐकू येत नाही. त्यांच्या अंदाजावर कशाला विसंबता? आता मशीन बिघडलं की पुण्याला पाठवा, मी नीट करून देईन.’

मी तुमच्याकडे वळून बघितलं. तुमची मान खाली होती, तुम्ही दिव्याची वायर डाग देऊन जोडत होतात. मग मी मोठ्यानं म्हटलं, ‘अण्णा, इथला रेझिस्टर चुकलाय, बदलू का?’ तुम्ही लगेच बाजूला सरकलात. डाग द्यायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न मुठीकडून माझ्या हातात दिलंत. ‘कर की,’ म्हणालात. मी रेझिस्टर बदलला, पुन्हा मोजलं, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्यानंतर तुम्ही एकाही रिसिव्हरला हात लावला नाही. कुणी आणला तर म्हणायचात, ‘ठिवून जा, पोरगी सुट्टीला आली की बघंल. मला आता लई बारीक दिसत न्हाई.’ तुम्ही मिक्सर आणि टेबलफॅन करत बसलात. मला वाटलं, अण्णांचा माझ्यावर किती विश्वास. मी नोकरीला लागले, सुट्ट्या कमी झाल्या, मग लग्न झालं. फळीवर तुमच्याच हातची तीन जुनी मशीनं माझी वाट बघत राहिली. एकदा आई फोनवर म्हणाली की तुम्ही दुपारी नुसते त्यांच्यावरचं फडकं काढता, पुसता आणि पुन्हा घालता. मी म्हटलं, येते पुढच्या महिन्यात. तो महिना आला तेव्हा तुम्ही नव्हतात. आता त्या गाळ्यात मोबाइलचं रिचार्ज मिळतं.

मालकांना विचारून ती तीन मशीनं मी पुण्याला आणली आणि तिथून हा नाद लागला. कुणाच्या माळ्यावर तुमचं मशीन पडलंय असं कळलं की मी निघते. घासून पुसून, खराब झालेले भाग बदलून ते चालू करायचं. पहिली चार मी मीटर लावून सारखी केली. प्रत्येकात तुमची तीच चूक, डावीकडे जास्त. प्रत्येक वेळी मी चुकचुकायची आणि मनातल्या मनात जरा सुखावायचीसुद्धा. काय सांगू, तेव्हा मी तशीच होते.

मग बेल्ह्याला गेले. तिथले एक म्हातारे शेतकरी, तुमच्याच वयाचे, मशीन द्यायला तयार झाले होते. बॅलन्सचं बटण मध्यापासून उजवीकडे सरकवलेलं होतं आणि इतकी वर्षं तिथंच राहिल्यामुळे त्याच्याभोवती धुळीची रेघ पक्की बसलेली. मी विचारलं, हे असं कुणी ठेवलं? ते म्हणाले, ‘कुनी म्हंजी? तुमच्या अण्णांचं मशीन उजवीकडं सरकवूनच वाजवायचं. समद्यांनाच म्हाईत व्हतं.’ मी म्हटलं, ‘मग त्यांना सांगितलं का नाही कुणी?’ त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. ‘काय सांगायचं त्यात?’ ते म्हणाले. ‘जोडीतला एक बैल जरा कमी पडला तर जू थोडं सरकवतोच की आपण. बैलाला कुनी बोलतं का?’ मी मशीन गाडीत ठेवलं. घरी येऊन ते साफ केलं, पण त्या रेझिस्टरला हात लावला नाही. त्यानंतरच्या एकाही मशीनमधला लावला नाही.

काल शेठजींकडे गेले ते यासाठीच, की त्यांचं एक मशीन असं होतं जे मी तुमच्यासमोर ‘नीट’ केलं होतं. ते आता खूप थकलेत, दुकान मुलगा बघतो. चहा झाल्यावर ते आपणहून म्हणाले, ‘ताई, तुम्ही पुण्याला गेल्यावर मी हे घेऊन पुन्हा अण्णांकडे गेलो होतो. म्हटलं, पहिल्यासारखं करून द्या, आम्हाला त्याची सवय झालीय.’ मी विचारलं, अण्णा काय म्हणाले? ‘म्हणाले, मीटरवर बराबर हाय ते. माझं नुसतं कानावरचं व्हतं. पोरीच्या कामाला हात लावायचा न्हाई.’ शेठजी पुढे म्हणाले, ‘आणि मला विचारलं, त्या दिवशी पोरगी तुमाला काय म्हणत व्हती? मी सांगितलं, म्हणत होती, अण्णांसारखा हात जिल्ह्यात कुणाचा नाही.’

त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी मशीनकडे बघत राहिले. शेठजी म्हणाले, ‘अण्णा हसले. म्हणाले, न्हाई शेठ. तिचं तोंड दिसत व्हतं मला.’

अण्णा, काल घरी आल्यावर मी तो रेझिस्टर काढला आणि पूर्वी तुम्ही घातला होता तसा बसवला. डावीकडे पुन्हा आवाज वाढला. मग बटण जरा उजवीकडे सरकवलं आणि ऐकत बसले. चांगलं वाजतंय. हे सगळं तुम्हाला सांगायला आता कुठली बाजू नाही, हे मला कळतं. हा कागद माझ्याच टेबलाच्या खणात राहणार, तुमच्या मीटरखाली. मला तुमची माफी मागायची आहे, आणि इतकी वर्षं ती मागता आली नाही, कारण मागायची तर खरं सांगावं लागलं असतं. आईला, नवऱ्याला, काल शेठजींनासुद्धा मी सांगत आले की तेव्हा वय लहान होतं, बोलता बोलता तोंडातून निसटलं.

निसटलं नव्हतं. शेठजींशी बोलायच्या आधी मी उठून टेबलाला वळसा घातला होता आणि तुमच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. उजवीकडचं माझं स्टूल रिकामं होतं.