तेविसाव्या घराची नोंद

दि. ९ फेब्रुवारी, दुपार

ती. वन्सं यांना नमस्कार.

अक्षर ओळखून दचकाल. अठ्ठावीस वर्षांनी लिहिते आहे; पण घरात सगळे आहेत, तेवढी काळजी करू नका. तुमच्या भावाचे गुडघे गेलेत, तोंड मात्र शाबूत आहे. मागची विहीर बुजवली. दवाखान्यातली तुमची नोकरी संपून पेन्शन सुरू झाल्याचं ऐकलं.

मी शाळेतून निवृत्त झाले तशी वाचनालयाने एक काम गळ्यात घातलं. गावातल्या जुन्या घरांची, जमिनींची माहिती जमवून पुस्तक करायचं. आधी कुरकुरले, मग नादच लागला. टेपने घरं मोजायची, म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, नोंदणी कचेरीत बसून जुने दस्त उतरवून घ्यायचे. कुणाची ओसरी मुळात गोठा होती, कुठलं शेत दोघा भावांच्या अबोल्यात चिरलं गेलं, सगळं कळतं. बावीस घरं लिहून झाली. तेविसावं आपलं.

आपला दस्त मी मागितलाच नव्हता. कारकुनाने आपणहून काढला. वाचून म्हणाला, "यात बहिणीने हक्क सोडलाय. अंगठा आहे. लिहिता येत नव्हतं वाटतं त्यांना."

मी "नव्हतं" म्हणाले.

वन्सं, अख्ख्या आळीतल्या पोरींना तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवायला लावलीत. मला शाळेत नोकरी लागली तीसुद्धा तुम्ही लिहून पाठवलेल्या अर्जावर.

आता सांगते. लग्नाला चार महिने झाले होते. मामंजी म्हणाले, चल, एका कागदावर अंगठा द्यायचाय. मला सही येते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "आज येत नाही." कचेरीतल्या साहेबाने तुमचं नाव वाचून विचारलं, "तुम्हीच ना?" हे शेजारी उभे होते, खिडकीबाहेर बघत. मी मान हलवली.

सासूबाई गेल्यावर तुम्ही मागची खोली मागायला आलात. मामंजींनी तो कागद पुढे केला. "मी कधी दिला अंगठा?" असं विचारत तुम्ही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलात. मी नळ मोठा सोडून भांडी घासत राहिले. तुमची रिक्षा वळेपर्यंत तो बंद केला नाही.

मागच्या आठवड्यात यांना म्हटलं, पुस्तकात खरं तेच लिहिणार. हे म्हणाले, "लिही. मग राहशील कुठे?" चिडून नाही, भाजी काय आणू विचारावं तसं. तेव्हापासून दारात खुर्ची टाकून बसतात. कुठे निघालीस, कधी येणार, पिशवीत काय. या घराची भिंत न् भिंत मी मोजली आहे, आणि निवांत बसावं असा कोपरा सापडत नाही. हे पत्रही पुस्तकाच्या कागदांत दडवूनच वाचनालयातल्या बाईंच्या हाती देणार आहे.

दोन मार्चला हे घर मुलाच्या नावावर करणार आहेत. दस्ताची शिक्क्याची नक्कल सोबत जोडली आहे. त्याआधी हरकत घ्या. साक्षीला मी येईन. मुलगा तोंड बघणार नाही, हे धरूनच चालले आहे.

माफी मागत नाही. तुमचा स्वभाव ठाऊक आहे. लगेच देऊन टाकाल आणि मी सुटेन. तसं नको.

उत्तर इथे पाठवू नका. घरावर नोटीस आली की तेच तुमचं उत्तर समजेन.

तुमची भावजय