बाप्पाला पट्टा, पोरीला वारा

चि. हितेंद्र यास,

गुणाजीमामाचे आशीर्वाद. (भाच्याला आशीर्वाद द्यायचे ही रीत आहे, तुझी लायकी नव्हे.) लोअर परळला तुम्ही तिघं खुशाल असाल. मी नाही. फोनच करणार होतो, पण कवळीशिवाय माझ्या रागाला कुणी घाबरत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या निलेशच्या हाती धाडतोय.

परळच्या कारखान्यातून लालबागच्या आपल्या चाळीत बाप्पा दरवर्षी पाटावर बसून, माझ्या हातांवर येतो. यंदा तुझी ती ट्रकएवढी नवी गाडी मध्ये कडमडली. बाप्पाला पुढच्या सीटवर ठेवताच गाडी त्याचं वजन ओळखून टुंगटुंग करायला लागली, तेव्हा रंग खरवडू नये म्हणून पंच्याची घडी घालून तू त्याला पट्टा लावलास. फार चांगलं केलंस. पण तुझा स्वतःचा पट्टा? तो पाठीमागून अडकवलेला, नुसतं गाडीचं तोंड बंद करायला! आणि चार वर्षांची तुझी अक्षदा मागच्या सीटवर उभी, छताच्या खिडकीतून अर्धी बाहेर, 'मोरया' ओरडतेय. (तिचे पाय धरायचे तर मलाही पट्टा लावता येईना.) तू एका हातानं गाडी हाकत, दुसऱ्या हातानं बाप्पाचा व्हिडिओ काढत होतास. पोरीला खाली घे म्हटलं, तर म्हणतोस, "मामा, तू एन्जॉय कर ना!"

केलं एन्जॉय. मखरांनी भरलेली हातगाडी तुला अगदी नाकाशी आल्यावर दिसली आणि तू करकचून ब्रेक मारलास. मी पाय सोडले नाहीत, म्हणून पोर आत माझ्या अंगावर कोसळली. माझं तोंड पुढच्या सीटवर आपटलं आणि कवळी कुठे गेली ती गेली.

चाळीत सगळ्यांनी आधी बाप्पाची सोंड तपासली, मग बोटं. कुठे टवकासुद्धा नाही. तुझी मामी हात जोडून म्हणते, "बाप्पान वाचवल्यान!" कपाळ माझं! अरे, खुद्द बाप्पाला पट्ट्यानं वाचवलं, आणि पोरीच्या वाट्याला काय, तर म्हाताऱ्या मामाचे हात!

ती गाडी पुन्हा आमच्या गल्लीत दिसली तर चारही चाकांची हवा काढीन.

तुझा संतापलेला मामा,
गुणाजी

ता. क. कवळी तुझ्या पुढच्या सीटखाली असावी. उद्या मोदक आहेत. नैवेद्याच्या आधी घेऊन ये. गाडीनं आलास तरी चालेल.

आणखी एक. डिकीत वेष्टनासकट पडलेली अक्षदाची छोटी सीट काढ आणि पट्टा लावून तिला त्यात बसव. रडेल. रडू दे. त्या ब्रेकनंतर ती जरा वेळ रडलीच नव्हती, आणि तेवढ्यात मी बाप्पाला काय काय कबूल करून बसलोय, ते तुझ्या मामीला कळता कामा नये.