झाकणातला घास

३ फेब्रुवारी, मंगळवार
व. ८८.४. भू. ९.
डाएटवाल्या मॅडमचा हुकूम: रोज वजन लिहा, भूक लिहा, भूक दहापैकी. शाळेतसुद्धा कधी रोज वही भरली नाही, आता एकेचाळिसाव्या वर्षी भरतोय. कारण नित्या. धाकट्या भावाचं लिव्हर गेलंय. न पिता गेलंय, तरी लोक आधी ‘पीत होता का’ हेच विचारतात. लग्नाची बोलणी चालली होती, तेवढ्यात कावीळ.
माझं लिव्हर त्याला जुळतं, त्यातला तुकडा द्यायचाय, पण माझ्या लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणाले, ऐंशीच्या खाली या, मग पुन्हा सोनोग्राफी, मग तारीख. आई वयात बसत नाही, दुसरं कुणी नाही. साडेआठ किलो म्हणजे काय ते नित्याला विचारा. तो दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढून घेतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
व. ८८.१. भू. ९, दुपारी १०.
जेवणाआधी दोन ग्लास पाणी, झालं. लहान ताटली, झालं. एक घास बत्तीस वेळा चावायचा. अठरापर्यंत गेलो, पुढे तोंडात चावायला काही उरतच नाही. संध्याकाळी पोट ओरडलं की ताक, काकडी, मूठभर फुटाणे, तरी नाही भागलं तर दात घासायचे. दिवसात चार वेळा घासतोय, बायको विद्या म्हणते पेस्टवर जगताय.
सगळ्यात अवघड सवय: डबा उघडला की आधी चतकोर भाकरी आणि वर भाजी झाकणात काढायची, आणि त्याला शिवायचं नाही. रोज काढतो आणि शेवटी रोज खातो. मेंटेनन्सचे सलीमभाई कंपनीच्या कँटीनला समोर बसून माझी गंमत बघतात.

९ फेब्रुवारी, सोमवार
व. ८७.९. भू. ५ (!)
सलीमभाई म्हणाले, दिलीपराव, ते बेवारस पडलंय म्हणून तुमचा हात जातो. कुणाचं तरी नाव द्या त्याला. म्हटलं ठीक. झाकणात चतकोर ठेवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, हे नित्याचं.
हात गेला नाही. खरंच गेला नाही. नित्याच्या वाटचं लहानपणी पुष्कळ खाल्लंय, आता कसं खाणार. निघताना गेटवरच्या कुत्र्यांपुढे टाकलं.

१४ फेब्रु., शनि.
व. ८७.०. भू. ४.
चऱ्होलीच्या घरून नित्याचा फोन. किती महिन्यांनी आवाजात दम. "दादा, आज तोंडाला चव आली." पावणेएकच्या सुमारास एकदम भूक लागली म्हणे. आईनं नेहमीचा अळणी वरण-भात दिला, त्याला मिठावर बंदी आहे ना. तर त्याला त्यात मेथी लागली. दाण्याचा कूट घातलेली मेथी.
आज माझ्या डब्यात तीच होती. पण फेब्रुवारीत कुणाच्या डब्यात मेथी नसते? फोन ठेवून मी रडलो. पोरगं जेवलं.

१८ फेब्रु., बुध.
व. ८६.३. भू. ३.
विद्याला काल सांगितलं, उद्या कारळ्याची चटणी दे. वर्षात एकदा होते आमच्याकडे. साडेबाराला झाकणात काढली, नाव घेतलं. एकला फोन वाजला. नित्या विचारत होता, गावाकडून कारळं आलंय का, आई नाही म्हणतेय पण तोंडात तर लागतंय.
मी म्हणालो, तुला भास होतात, औषधांमुळे. सलीमभाईंनी सगळं ऐकलं. ते जेवायचे थांबले.
गेटवरची कुत्री हुंगून बाजूला झाली. ही कुत्री बिस्किटाचा कागद खातात.

२४ फेब्रु., मंगळ.
व. ८५.२. भू. ३.
क्वालिटीत वीस वर्षं घातलीत, तपासल्याशिवाय काही मानत नाही. एकाच भाकरीचे दोन चतकोर, एकच वांग्याची भाजी. एकावर नाव घेतलं, दुसऱ्यावर नाही. जेवण झाल्यावर दोन्ही चाखले.
बिननावाचा ठीक. नावाचा अळणी. मिठाचा कणही नाही, तिखट नाही, भिजलेला पुठ्ठा चावावा तसं. जीभ माझीच बिघडली असेल म्हणून सलीमभाईंना न सांगता दोन्ही दिले. त्यांनी बरोबर तोच बाजूला सारला. मग हात धुऊन आले. म्हणाले, मी तुमचा हात आवरावा म्हणून बोललो होतो, हे भलतंच झालं, बंद करा. बंद कसं करू? सव्वातीन किलो गेलेत, पाच अजून बाकी. आणि पोरगं जेवतंय.

२ मार्च, सोम. होळी
वजन केलं नाही. भू. ३.
चऱ्होलीला गेलो. पुरणपोळी, मला अर्धी. नित्याचं ताट वेगळं. सवयीनं अर्धीतला तुकडा ताटाबाहेर वाटीत काढला आणि ओठ हलले. आईनं बघितलं.
"कुणाच्या नावानं काढलास?" माझी नजर नित्याकडे गेली. नित्या माझ्यासमोरच बसला होता. आईला कळलं. म्हणाली, "गेलेल्याच्या नावानं काढतेत रे घास. जित्या माणसाचं नाव कामून घेतलंस?" वाटी उचलून मोरीत पालथी केली आणि आत जाऊन बसली.
नित्या म्हणाला, "असू दे ना आई. मला पोचतोय."
हसत म्हणाला. त्याच्या ओठाला तूप लागलं होतं. त्याच्या ताटात तूप नव्हतं.

६ मार्च, शुक्र.
व. ८४.३. भू. ३.
नित्याच्या पोटातलं पाणी काढलं. एरवी पाच लिटर, आज आठ. पाय सुजून खांबासारखे. डॉक्टर आईवर भडकले, घरात मीठ कोण देतंय याला? आई देवाची शपथ घेऊन सांगत होती, मी नाही हो. रडत होती.
मी तिथेच उभा होतो. माझ्या डब्यातलं मीठ. कारळ्याचं, वांग्याचं, सगळं त्याच्या पोटात पाणी होऊन बसलंय. सांगितलं तर कोण ऐकणार? उद्यापासून बंद.

११ मार्च, बुध.
व. ८५.०. भू. १०. दहाच्या वर आकडा नाही म्हणून दहा.
पाच दिवस नाव घेतलं नाही. आज सुटल्यावर तळवड्याच्या चौकात उभ्या उभ्या तीन वडापाव खाल्ले. तिसरा खाताना लाज वाटत होती, तरी खाल्ला. पाणी, ताक, काकडी, फुटाणे, सगळ्या सवयी बोंबलल्या.
आणि नित्या. पाच दिवस अन्नाचा कण ठरत नाही. फोनवर आवाज तळातून आला. "दादा, तू जेवायचं सोडलंस का?"
काढला तर मिठानं जाईल, नाही काढला तर उपासानं.

१४ मार्च, शनि.
व. ८४.८. भू. ६.
सरळ उपाय होता, डोक्यात आला नाही. विद्याला सांगितलं, माझा डबा पूर्ण अळणी कर. का ते पण सांगितलं, सगळं. ती ऐकत राहिली, मला वेड्यात काढलं नाही. मला वाटलं होतं भांडेल. फक्त एवढंच म्हणाली, बरं.
चतकोर काढला, नाव घेतलं. आईचं तोंड डोळ्यांसमोर आलं, तरी घेतलं. दुपारी नित्याचा फोन: "आता तिकडचं पण अळणी?" पण जेवला.

२३ मार्च, सोम.
व. ८१.९. भू. १.
नित्याच्या पायांची सूज उतरली. डॉक्टर खूश, आईला सॉरी म्हणाले.
मला भूकच लागत नाही. आधी आनंद झाला, आता विचित्र वाटतंय. रात्रीचं फक्त ताक घेतो, आणि साडेआठच्या सुमारास घरी, कधी गाडीवर असतानाही, पोट आपोआप भरतं. ढेकर येतो. तोंडाला लसणाची चटणी लागते. दात घासले तरी लागते. गेल्या पंधरवड्यात लसूण खाल्लेला नाही.

३० मार्च, सोम.
व. ८०.७. भू. ०.
चार दिवस काटा तिथेच. मॅडमनी वही चाळली आणि विचारलं, लिहिताय त्याशिवाय काय खाताय? काहीच नाही म्हणालो. ‘असं सगळेच म्हणतात’ असा चेहरा केला त्यांनी. रागच आला, पण मॅडमचं काय चुकलं.
विद्या उतरलीय. मनगटात बांगड्या सैल झाल्यात, भांडी घासताना कोपरापर्यंत सरकवते. विचारलं तर म्हणते, उन्हाळा आहे.

५ एप्रिल, रवि.
व. ८०.६.
विद्याला वाटलं मी चालायला गेलोय. चिखलीच्या चौकातून परत फिरलो, पोट एकदम गच्च झालं, चालवेना. दार लोटलेलंच होतं. ती स्वयंपाकघरात खाली बसून जेवत होती. पिठलं-भाकरी, लसणाची चटणी. ताटाशेजारी माझ्याच डब्याचं झाकण. त्यात अर्धी भाकरी. चतकोर नाही, अर्धी.
मी बसलो आणि झाकणातलं पिठलं बोटानं चाटलं. अळणी. कढईतलं चाटलं, मीठ होतं.
किती दिवस, विचारलं. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून, म्हणाली. मी चिडलो. वजन थांबलंय, तारीख लांबतेय, नित्याचं काय होईल, वाट्टेल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली:
"तुम्ही त्याच्यासाठी काढता. तुमच्यासाठी कुणी काढायचं? उद्या पोट फाडणार तुमचं. मला विचारलंत का कुणी?"
नाही विचारलं. खरंच कुणी विचारलं नाही, मी पण नाही.  मग तिचा हात धरून म्हणालो, आजपासून माझं नाव घेऊ नको, ती अर्धी भाकरी तू खा. हो म्हणाली.

९ एप्रिल, गुरु.
व. ७९.६. भू. ९.
सोनोग्राफी झाली. लिव्हर ठीक. तारीख १५.
आणि भूक ९. कडकडून लागलीय, आतडी पिळतायत, आणि मी हसतोय. माझी भूक आहे ही. नित्याचा अळणी चतकोर काढतोच आहे, तरी. कँटीनला मिसळीच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. सलीमभाई म्हणाले, ऑपरेशननंतर पहिली मिसळ माझ्याकडून. पहिल्यासारखे समोर बसतात आता.

१२ एप्रिल, रवि.
व. ७९.१. भू. ९.
सगळे चऱ्होलीला. नित्या झोपल्यावर आई जवळ आली. होळीपासून ह्या विषयावर अवाक्षर नव्हतं. हळूच विचारलं, त्याला खरंच पोचत होतं का रे? म्हणालो, पोचत होतं. पोट भरायचं का? म्हणालो, भरायचं.
आई विद्याकडे बघत होती, विद्या तिच्याकडे.

१५ एप्रिल, बुध. हॉस्पिटल
काल रात्री दहापासून दोघांच्याही तोंडात काही नाही, पाण्याचा थेंब नाही. सकाळी आठला नेणार होते, आधीची केस लांबली. पलीकडच्या कॉटवर नित्या. हिरवे गाऊन, दोघं सारखेच दिसतो. वही उशीखाली होती, पेन्सिल सिस्टरकडून घेतली. भू. ९. सकाळपासून मोजून ९.
भूलवाले डॉक्टर काल चार वेळा बजावून गेलेत. पोटात अन्न असेल तर भूल दिल्यावर ते वर येतं, फुफ्फुसात जातं, माणूस टेबलावरच जातो. काही खाल्लं असेल तर लपवू नका, केस पुढे ढकलू. पुढे म्हणजे कधी, तर महिनाभर तरी. नित्याकडे महिना नाही, हेही त्यांनीच बाहेर नेऊन सांगितलं.
बाराला आई आणि विद्या खाली जेवायला गेल्या. मीच पाठवलं, दोघी सकाळपासून तशाच होत्या. घरचा डबा आणलाय. जाताना आईनं नित्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या.

१२.४०
भू. ४.
भू. २.
पिठलं. लसणाची चटणी. पोट वर येतंय, हात लावला तर कडक. नित्याकडे बघितलं. डोळे मिटून पडलाय आणि जबडा हलतोय, सावकाश.
"दादा," म्हणाला, "आज मीठ आहे."
मी उठून दारापर्यंत गेलो. खाली जाऊ देत नाहीत, फोन जमा केलेत. सिस्टरला म्हणालो, खाली माझी आई जेवतेय, तिला कुणी सांगा, ताटातलं बाजूला काढू नको. ती म्हणाली, काका, झोपा बघू, घाबरू नका.
स्ट्रेचर आलं. दोन आलेत. भूलवाले डॉक्टर कागद घेऊन माझ्या कॉटशी उभे आहेत. लिहिताय काय, म्हणाले, ठेवा आता. आणि विचारतायत, दोघांनीही काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही ना?
नित्या माझ्याकडे बघतोय, मान हलवतोय, सांगू नको.
ढेकर दाबून धरलाय.