टॅपचे फायदे आणि एक उसनी स्टेप

हार्लेम, १५ मार्च १९३६

ती. ओडेसाताईस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी माझे पाय थांबले आणि क्लासच्या तळघरात एकही टाळी पडली नाही, त्या क्षणी माझं सगळं फिसकटलं. कॉलेज अर्ध्यावर टाकून हा बुटांनी ठोके वाजवायचा टॅप नाच शिकण्यात फायदा काय, असं तू विचारलं होतंस. फायद्यांची तर आमच्या अँब्रोजमास्तरांनी दारावर पाटीच रंगवून लावलीय : छाती भक्कम होते, स्मरणशक्ती वाढते, चालीत डौल येतो, मन प्रसन्न राहतं. काढ्याच्या बाटलीवरही हेच लिहितात. माझी छाती क्लासमधली व्हर्लीन आत आली की धडधडते. त्यासाठी बुटांना पत्र्या ठोकाव्या लागत नाहीत.

शनिवारी सगळे रिंगण करतात आणि एकेक जण मध्ये येऊन नाचतो. मास्तर पाठ फिरवून बसतात. म्हणे डोळे फसतात, कान नाही. व्हर्लीनची स्वतःची एक स्टेप आहे. टाच घसरत येते आणि ठोका पडता पडता अडतो. खालच्या बिऱ्हाडाच्या शिव्या खात मी ती जशीच्या तशी बसवली आणि काल तिच्यासमोर नाचलो. यापेक्षा चांगलं प्रेमपत्र कुणी लिहून दाखवावं.

मास्तरांनी भिंतीकडे बघतच विचारलं की व्हर्लीन, पोरी, आज तुझे पाय एवढे जड का. सगळ्यांच्या माना खाली. तिने बूट काढले आणि म्हणाली, फूल द्यायचं होतं तर माझ्याच परसातलं कशाला खुडलंस. दुसऱ्याची स्टेप जशीच्या तशी नाचणं म्हणजे इथे चोरी, आणि हीच स्टेप घेऊन ती येत्या शुक्रवारी थिएटरच्या निवडीला जाणार होती. एवढा कांगावा कशासाठी? नाचच तो. ढोंगी लेकाचे.

लोभ उरला असेल तर राहू द्यावा.
लुशियस

डरहॅम, १८ मार्च

चि. लुशियस यास,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

आईचं पीचचं लोणचं मॅबेलमावशीने चर्चच्या पंगतीत स्वतःचं म्हणून वाढलं, तेव्हा तीही म्हणाली होती, लोणचंच ते. तिच्या बुटात गोगलगाय कुणी सोडली होती, आठवतं का? आता स्वतःच्या बुटात बघ.

ढोंगी कोण, ते मला इथून दिसतंय. जा, माफी माग. कारणं सांगत बसू नकोस. तुझी कारणं रविवारच्या प्रवचनाहून लांब असतात. आणि निघताना दार आपटू नकोस. बाबांशी भांडून गेलास तेव्हा हुबेहूब त्यांच्यासारखं आपटलंस. खिडकीची काच तडकली ती अजून तशीच आहे. बाबा बदलू देत नाहीत.

माया आहे, पण फार ताणू नये.
ओडेसा

हार्लेम, २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लोभ असावा, हे आधीच लिहून टाकतो. नंतर सुचणार नाही.

काल गेलो. कारणं सांगितलीच, लांबलचक. व्हर्लीनने ऐकून घेतलं. मग म्हणाली, शुक्रवारी तिच्या आधी दुसऱ्याच एका पोरीने ती स्टेप नाचून दाखवली. रिंगणात माझी पाहून उचललेली. ती पोरगी निवडली गेली. व्हर्लीन नाचाचे बूट न घालताच परत आली.

मास्तरांनी पाठ फिरवली आणि मला म्हणाले, आता तुझं नाच. माझं असं काय होतं? रागावलो, अडखळलो, दोनदा पडता पडता सावरलो. मास्तर म्हणाले, भिकार आहे, पण कुणाचं ते ओळखू येईना, म्हणजे तुझंच असणार.

व्हर्लीन हसली नाही. म्हणाली की एवढा फायदा झाला ना तुला टॅपचा, तो घे आणि नीघ.

दाराशी ती पाटी होती. छाती, स्मरणशक्ती, डौल. असा संताप आला, की इमारत हादरेल एवढ्या जोराने दार ओढायला हात मागे गेला. मास्तरांची पाठ अजून तशीच, कान इकडे. तेव्हा ती काच आठवली. आपटणं बाबांचं होतं. माझं नव्हतं.

बाहेर आलो आणि दार लावलं, सावकाश, कडी बसेपर्यंत धरून.

लुशियस