मनीषा पौर्णिमा

९ जून, सकाळी.
अंबडच्या कंपनीतून रिटायर होऊन आज नववा दिवस. एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता स्वतः काहीतरी निर्माण करायचं. ठरलं: शेवंतीची नवी जात. डिसेंबरच्या पुष्पप्रदर्शनात पहिलं बक्षीस.
नर्सरीवाले निसारभाई म्हणाले, बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं खरं, पण शंभरात एखादंच कामाचं. मी बारा घेतली. नजर असली की शंभर लागत नाहीत.

११ जून.
नाव ठरलं. 'मनीषा पौर्णिमा'. बायकोला सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, तिच्या नावाचं काहीच केलेलं नाही. फ्लॅटसुद्धा माझ्याच नावावर. संध्याकाळी न मागता भजी झाली.

६ जुलै.
निसारभाईंचा फोन. शेंडे खुडा, म्हणजे फुटवे येतील. हो म्हणालो. खुडले नाहीत. उंच वाढणाऱ्याला खाली खेचायचं, ही आपली जुनी खोड आहे.

२८ ऑगस्ट.
नऊ रोपं सडली. पाणी जास्त झालं. (पावसाचं. माझा संबंध नाही.) तीन उरली. निवड आपोआप झाली, वेळ वाचला.
देवळ्याच्या मेहुणीला प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. सगळ्यांना घेऊन या म्हणालो. मनीषानं विचारलं, फुलाचा रंग कुठला असेल? पौर्णिमा म्हणजे फिकट पिवळा, हे उघड आहे. तिनं त्या रंगाची साडी आणून फॉल लावायला दिली.

१० सप्टेंबर.
गच्चीवर हॅलोजन लावला. रात्रभर चालू ठेवायचा. साधं गणित: तिसरी शिफ्ट सुरू केली की प्रॉडक्शन वाढतं. निसारभाईंना कळू दिलं नाही. कल्पना चोरीला जातात.

२२ ऑक्टोबर.
समोरच्या लंकाबाईंच्या कुंडीत कळ्याच कळ्या. आपल्याकडे एकही नाही. पण उंची साडेचार फूट! लंकाबाईंची जेमतेम दीड. त्यांना तसं सांगितलं. त्या हसल्या. हेवा.

१२ नोव्हेंबर.
निसारभाई बघायला आले. हॅलोजन पाहिला आणि कठड्यावर बसलेच.
"गोटीरामभाऊ, हा रात्री चालू असतो?"
अभिमानानं हो म्हणालो.
"शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. तुम्ही तिला रात्र होऊच दिली नाही."
दिवा काढला. फुलायला सात-आठ आठवडे लागतील म्हणाले. प्रदर्शन चौदा डिसेंबरला. म्हणजे साडेचार आठवडे. जिद्दीनं होईल. माझ्या.

१३ डिसेंबर.
कळी आली! एक. हिरवी, वाटाण्याएवढी. आयोजकांनी विचारलं होतं, नाव मागे घेता का? अजिबात नाही.

१४ डिसेंबर, संध्याकाळी.
देवळ्याहून अकरा माणसं आली. टेबलावर कुंडी, खाली पाटी: 'मनीषा पौर्णिमा'. परीक्षक बाईंनी विचारलं, फूल कुठे आहे? मी म्हणालो, आत आहे. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या.
मनीषा त्या पिवळ्या साडीत तीन तास कुंडीशेजारी उभी होती. मेहुणीनं विचारलं, ताई, हीच का गं तू? सगळे हसले. मनीषाही हसली. "अगं, उशिरा उमलणारी जात आहे," म्हणाली. "ह्यांनी मुद्दाम तशी काढलीये."
परतीच्या रिक्षात मात्र ती तोंड फिरवून बाहेरच बघत होती. मी विषय काढला नाही. दमली असेल. प्रवासात बोलू नये.

३ जानेवारी.
उमललं! सकाळी साडेसातला धावत वर गेलो. बटणाएवढं. रंग चहात पडून फुगलेल्या बिस्किटाचा. वास नाही.
निसारभाईंना फोटो पाठवला. त्यांनी फोन केला, हळू आवाजात बोलले. अशी दरवर्षी पुष्कळ निघतात, भाऊ, आम्ही उपटून टाकतो. त्यांना म्हणालो, पहिल्याच वर्षी काय ठरवायचं?
मनीषा वर आली. चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.
"अहो, माझं नाव काढा."
मग काय नाव देऊ, विचारलं.
"तुमचं द्या."
दुपारी पाटी बदलली. पुढे 'पौर्णिमा' राहू देऊ का, असंही विचारून पाहिलं. नको म्हणाली. नुसतं गोटीराम.