तेरा नंबरचा पाना

त्या सकाळी मी दूध तापवले, पिण्याचे पाणी भरले आणि यांचा निळ्या चौकटीचा शर्ट शोधला. तो सापडला नाही. हे बागेत गेले होते. दहाला पाच कमी असताना परत आले, पाय धुतले, चहाला बसले. शर्टाचे विचारले तर म्हणाले, "असेल कुठेतरी." आठ वर्षांपूर्वीची ही सकाळ मला जशीच्या तशी आठवते, तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे हे सांगायला डॉक्टरांचा दाखला लागू नये. तरी तो जोडला आहे.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात बागेतली सोलरची प्लेट काढून मुलाच्या शेतावर न्यावी, असे मी लिहिले होते. का लिहिले होते ते खाली येईल.

१. दोन खोल्यांचे घर मुलाचे. स्वयंपाकघराची खिडकी बागेकडे उघडते, ती बुजवू नये. त्या खिडकीत मी फार वेळ उभी राहिले आहे.

२. बँकेत असेल ते मुलगा आणि मुलगी यांचे, सारखे. सून कुरकुरेल. तरी सारखेच.

३. शब्दकोश नातीला. मी शाळेत गेले नाही. बियाण्यांची पाकिटे आणि पंपाचे माहितीपुस्तक यांवरून वाचायला शिकले. मग यांनी हा शब्दकोश आणला. त्यातही अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची आणि हे घरी आले की विचारायची. त्या रेघा खोडू नयेत.

४. सोलरची प्लेट आणि पंप. हे वायरमन होते. गल्लीमागच्या सामाईक बागेत यांनी ती पदरमोड करून बसवली, म्हणून आता ती माझी. बॅटरी नाही, टाकी नाही. ऊन पडले की पाणी, आणि ज्याने त्याने आपला वाफा भिजवायचा. बसवायला आलेला माणूस म्हणाला, तोंड दक्षिणेला ठेवा, दिवसभर पाणी मिळेल. यांनी पूर्वेला ठेवले. सकाळीच पाणी सुटे, आणि पाइपावरचा पहिला वाफा शिवणवालीचा. तिचे दुकान दहाला उघडते. तोंडाने यांना भाऊ म्हणे, आणि रोज प्लेट पुसे. कशाने, तर निळ्या चौकटीच्या शर्टाने. मी खिडकीतून पाहिले. यांना पुन्हा विचारले नाही. ही चूक माझीच, आणि ती कोणाच्या नावावर करता येत नाही.

मागच्या वर्षी हे गेले. दोन महिन्यांनी मी यांचा तेरा नंबरचा पाना घेऊन बागेत गेले, चार बोल्ट सैल केले आणि प्लेट पश्चिमेला फिरवली. पाणी दुपारी सुटू लागले, शिवणवाली दुकानात असताना. तिचे टोमॅटो करपले. ती घरच्या बादल्या घेऊन दोन मजले उतरू लागली. मला बरे वाटले, हेही लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र त्याच दिवसांतले.

मागच्या मंगळवारी ती दारात आली. म्हणाली, "वहिनी, वाऱ्याने बोल्ट सैल होत नाहीत."

मी म्हटले, "तुझे लाड करणारा माणूस गेला आता."

"माझे कसले लाड? भाऊंना दहाच्या आत बाग उरकायची असायची. म्हणायचे, घरी ती पुस्तक उघडून बसली असेल, एखादा शब्द अडला असेल."

मला वाटायचे, चहासाठी येतात. एवढी गोष्ट यांनी मला कधी सांगितली नाही. तिला सांगितली. शर्टाचे मी विचारले नाही. आणखी काय ऐकावे लागेल, कोण जाणे. हा जळफळाट माझ्याबरोबरच जाईल असे दिसते.

५. म्हणून प्लेट आणि पंप बागेला, कायमचे. पुसण्याचा मान शिवणवालीचा, पण तिने नवे फडके घ्यावे. शर्ट माझ्या मुलीने मागून आणावा. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही असे मी वाचले आहे, तेव्हा शिवणवालीची सही या कागदावर येणार नाही. बरेच झाले. पानाही मुलीचा. शिवणवालीने मागितला तरी देऊ नये.

त्या मंगळवारी शिवणवाली गेल्यावर मी दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी दूध तापवले, पाणी भरले, पाना घेतला आणि प्लेट पूर्वेला फिरवली.

वरचे सगळे मी स्वतः वाचले आहे, एकही शब्द अडला नाही.

सही: वायरमनची बायको
साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त पोस्टमन  २. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार
ठिकाण: खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १६ मे, शनिवार